साभार परत आलेल्या कथेचे काय करावे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे लिहू पाहणाऱ्या वाचकांची आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी निफाड तालुक्यात राहतो. घरची शेती सांभाळून दहा वर्षे कथा लिहीत आहे. यंदा गणपतीच्या सुमारास एक कथा एकाच वेळी तीन दिवाळी अंकांना पाठवली. एका ठिकाणाहून ती साभार परत आली, दोन ठिकाणांहून उत्तरच आले नाही. कथा सोबत जोडली आहे. माझ्यात लेखक होण्याची कुवत आहे की नाही, हे स्पष्ट सांगावे.

उत्तर : कुवतीचा निकाल एका कथेवरून लावता येत नाही आणि तो लावण्याचा अधिकार संपादकाला नसतोच. आपली कथा मात्र मी दोनदा वाचली आणि तिच्याविषयी मला बरेच सांगायचे आहे.

कथेचे पहिले वाक्य असे आहे : ‘मावळतीच्या रक्तिम आभेत न्हाऊन निघालेली ती सांज जणू नियतीच्या क्रूर खेळाची साक्षीदार होती.’ याच चालीत पुढची साडेतीन पाने जातात. त्यांत पावसाचा लहरीपणा आहे, कर्जाचा डोंगर आहे, शेतकऱ्याचे अश्रू आहेत. पण तो शेतकरी कोण, त्याचे रान किती, कर्ज कशासाठी काढले, यांपैकी काहीच कळत नाही. मग चौथ्या पानाच्या मध्यावर ट्रॅक्टर बाजार समितीच्या आवारात शिरतो आणि कथेत जीव येतो. ट्रॉल्यांची रांग लागलेली आहे, चाळीत चार महिने जपलेला उन्हाळ कांदा आहे, वरचा माल बाजूला सारून खालचा चाचपून पाहणारा व्यापारी आहे. काजळी धरलेले दोन कांदे तो काही न बोलता ट्रॉलीच्या कडेवर ठेवतो. नंतर आपण लिहिता : ‘दादांनी हिशोबपट्टी दोनदा घडी घालून छातीच्या खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत त्या खिशाला हात लावला नाही.’

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. त्यात नियती नाही, अश्रू नाहीत, तरी भाव काय मिळाला असेल हे आकडा न सांगता समजते, आणि दादा कसे गृहस्थ आहेत हेही समजते. हे वाक्य आपण लिहू शकलात, कारण त्या ट्रॅक्टरवर दादांच्या शेजारी आपण बसला होता. पहिली साडेतीन पाने काढून टाका आणि कथा आवाराच्या फाटकापाशी सुरू करा. ती पाने लिहिण्यात गेलेल्या वेळेचे वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्यातून चालत गेल्यावरच आपण फाटकापर्यंत पोहोचलात, एवढेच की वाचकाला तो रस्ता पुन्हा चालायला लावू नये.

राहिलेल्या पानांतही काम आहे. हमाली, तोलाई, वाराई वजा जाता हाती काय उरले, तो आकडा कथेत एकदा, आणि एकदाच, दिसला पाहिजे. तो कोणी पाहावा, हे आपल्याला आधीच सुचलेले आहे : रात्री सदरा धुवायला घेताना आईच्या हाताला ती पट्टी लागते. ती पट्टी न भिजू देता ती कोनाड्यात ठेवते आणि नळाखाली पुन्हा सदरा धरते. कथा तेथे संपली आहे. आपण मात्र त्यापुढे बळीराजाला वाली कोण, असा एक परिच्छेद जोडला आहे. वाचकाला आईच्या मनातले कळणार नाही, या भीतीने तो आला असावा. ही भीती मनातून काढा आणि तो परिच्छेदही काढा.

आता पाठवण्याविषयी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ही परंपरा अखंड चालत आली आहे, आज दर वर्षी काही शे अंक निघतात. त्यांतील बऱ्याच अंकांची जुळणी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच होऊ लागते, त्यामुळे गणपतीत आलेली कथा चांगली असली तरी तिला जागा उरलेली नसते. पुढच्या वर्षी मे महिन्यात पाठवा, एका वेळी एकाच अंकाला पाठवा, आणि ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास दुसरीकडे पाठवत असल्याचे नम्रपणे कळवा.

माझी स्वतःची पहिली कथा परत आली तेव्हा छापील चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले होते : ‘म्हातारीचे घर पुन्हा पाहून या.’ मला राग आला आणि ती चिठ्ठी वर्षभर टेबलाच्या खणात पडून राहिली. पुढे गावी गेलो असता मुद्दाम त्या घरी गेलो. कथेत मी म्हातारीला चुलीपुढे बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला लावले होते, आणि प्रत्यक्षात चूल मागच्या पडवीत होती. तेथून अंगण दिसतच नव्हते. एकटेपणाची कथा लिहिताना तिला एकटे पाडणारी गोष्टच मी विसरलो होतो. परत आलेल्या कथेसोबत एखादा शब्द जरी हाताने लिहिलेला असला, तरी तो जपून ठेवा. कोणीतरी आपल्यासाठी वेळ काढलेला असतो.

प्रश्न : माझे माहेर यावल तालुक्यात आहे, सध्या पुण्यात राहते. आजीच्या आठवणी लिहायला घेतल्या आहेत. आजीचे बोलणे मी जसेच्या तसे लिहिले होते, पण मुद्रितशोधन जाणणाऱ्या एका मैत्रिणीने ते सगळे शुद्ध करून दिले. आता वाचताना आजी ओळखू येत नाही. बोलीत लिहिले तर इतरांना कळेल का?

उत्तर : आजी ओळखू येत नाही, ही आपली तक्रार अगदी योग्य आहे. आपण पाठवलेल्या कागदावर आजीचे ‘काय करू रायली वं?’ हे वाक्य खोडून ‘काय करते आहेस गं?’ असे लिहिलेले मी पाहिले. अर्थ तोच राहिला, पण विचारणारी बाई बदलली.

मैत्रिणीने हे चांगल्या हेतूने केले आहे, तेव्हा तिच्याशी वाद घालण्याऐवजी तिला नियमच दाखवा. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले आणि आपण सगळे पाळतो, त्यांतच पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मोकळीक दिलेली आहे. बोलीत लिहिलेले वाक्य अशुद्ध ठरत नाही. मात्र बोलीलाही शिस्त असते. एका पानावर ‘रायली’ आणि दुसऱ्या पानावर ‘राह्यली’ असे होऊ देऊ नका. एक रूप ठरवून ते शेवटपर्यंत ठेवा. निवेदन आपले आहे, ते आपण आज जशा बोलता तशा मराठीत असू द्या, आणि आजी बोलू लागली की तिच्या वाक्यात हात घालू नका.

आपल्याच जिल्ह्यातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्या रचत असलेल्या ओव्या घरातल्या माणसांनी टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. ते शब्द टिपताना कोणी शुद्ध करत बसले असते, तर आज आपल्या हाती काय उरले असते याचा विचार करा. कळण्याची चिंता बाळगू नका. अनोळखी शब्दाभोवती प्रसंग नीट उभा असेल तर कोकणातल्या वाचकालाही तो शब्द उमगतो. कंसात अर्थ देऊन मात्र आजीला मधेच थांबवू नका. मैत्रिणीने खोडलेला मूळ कागद आपल्याकडे असेल, अशी मला मनापासून आशा आहे.

प्रश्न : माझा कवितासंग्रह तयार आहे. एका प्रकाशकाने पुस्तकाचा संपूर्ण खर्च माझ्याकडून मागितला आहे आणि एका कागदावर ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ अशी सही करायला सांगितले आहे. पहिले पुस्तक आहे, म्हणून करावी का?

उत्तर : या कागदावर सही करू नका. खर्चही आपण करायचा आणि हक्कही द्यायचे, हा व्यवहार कोणत्याही बाजूने न्याय्य नाही. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, अनेक चांगल्या कवींनी ते केले आहे. पण मग प्रती आपल्या आणि हक्कही आपले.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहून झाली की तिचा हक्क आपोआप आपला होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो हक्क आपल्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, आणि त्यात कोणते पुस्तक, कोणते हक्क, किती वर्षे, कोणत्या प्रदेशापुरते आणि मानधन किती, हे लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो परत आपल्याकडे येतो. एवढ्या गोष्टी माहीत असल्या की समोरच्याशी बोलताना आवाज कापत नाही. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना खास पहिल्या पुस्तकासाठी आहे. अर्ज मागवल्याची जाहिरात येते, तिच्यावर लक्ष ठेवा. तोवर संग्रहातील कविता नियतकालिकांकडे पाठवत राहा. चार-पाच ठिकाणी छापून आलेल्या कविता वाचून प्रकाशक आपणहून विचारतो, असेही मी पाहिले आहे.

प्रश्न : वय ६३. वीजवाहिन्यांवर लाइनमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. आत्मचरित्र लिहावेसे वाटते, पण मुले म्हणतात, आता या वयात कशाला? जन्मापासून सुरुवात करावी का?

उत्तर : लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ चा आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. आपण त्यांच्यापेक्षा तीन वर्षे लवकर बसत आहात. मुलांना एवढे सांगितले तरी पुरे.

जन्मापासून सुरू करू नका. जन्म आपल्याला आठवत नाही, तो ऐकीव असतो. आपल्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे की १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि कामावर मिळालेली सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणायची. तेथून सुरू करा. गाठ कोण सोडायचे? सुकडी कोरडीच खायची की पाण्यात कालवून? आई स्वतः कधी खायची, हे आपण कधी पाहिले होते का? संध्याकाळी तिच्या बोटांना काय झालेले असायचे? आठवत नसेल तेथे ‘आठवत नाही’ असेच लिहा, खोटे भरू नका. नोकरीतले खांब, वादळातल्या रात्री, सगळे पुढे आपोआप येईल. ते पान झाले की आधी थोरल्या बहिणीला वाचून दाखवा. खडीवर आईबरोबर तीही जात होती, असे आपणच लिहिले आहे.