लेबल सोलण्याआधी स्कॅन करा, आणि मूळ लेबल कुणाच्या हातात देऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. नेरूळच्या घराचा पोटमाळा आवरताना व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटींचा खोका सापडला, निम्म्या कॅसेटींची लेबलं फाटलीत, काही तर हात लावताच निघून आली, आणि आता सगळीच सोलून नवी छापून लावायची आहेत, तर कुठला स्टिकर पेपर घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. पेपरचं सांगते, पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो. आमच्या ठाण्याच्या घरीही असाच खोका निघाला होता, आणि त्यातलं जे कायमचं गेलं ते पेपर चुकला म्हणून गेलं नाही.

आधी दोन ढीग करा. एका ढिगात मूळ जपानी-अमेरिकन कॅसेटी: निन्टेन्डो, सेगा, गेम बॉय. दुसऱ्यात नव्वदच्या दशकात आपल्याकडे समुराई, लिटल मास्टर असल्या मशीनवर लावायचो त्या, '६४ इन १', '९९९९ इन १' लिहिलेल्या. आपल्याकडच्या बहुतेक मशीनींची मांडणी १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या मशीनची, त्यामुळे कॅसेट ६० पिनांची आणि बुटकी. अमेरिकेत तेच मशीन एनईएस नावाने आलं, त्याची कॅसेट ७२ पिनांची आणि उंच. नेटवर लेबलांची जी तयार टेम्प्लेट मिळतात त्यातली बरीच एनईएसची असतात. ती उतरवून आपल्या कॅसेटवर बसवायला गेलात तर बसणारच नाहीत.

बहुतेकांना पहिला ढीग मोलाचा वाटतो. माझं मत नेमकं उलट आहे. 'कॉन्ट्रा' किंवा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'च्या मूळ लेबलाचं चांगलं स्कॅन जगात कुणी ना कुणी करून ठेवलेलं आहे, शोधलं की सापडतं. दुसऱ्या ढिगातली लेबलं मात्र कुणी, कुठे, कुठली चित्रं कापून जोडून छापली याची नोंद कुणीच ठेवली नाही. त्याच गेमच्या दोन कॅसेटींवर दोन निराळी चित्रं असायची. कधी लेबलावरच्या चित्राचा आतल्या गेमशी काही संबंधच नसायचा. असं एखादं लेबल तुमच्या हातून गेलं तर ते दुसरीकडे सापडेल या भरवशावर राहू नका.

आमच्याकडे तशीच एक होती. ठाण्याच्या चरईत कॅसेटी भाड्याने देणारं एक दुकान होतं, ते बंद होताना दादाने तिथून विकत घेतलेली. लेबलाच्या कोपऱ्यात दुकानाचा जांभळा शिक्का आणि त्यावर बॉलपेनने घातलेला नंबर. गोंद पार वाळलेला, लेबल जवळजवळ सुटंच झालेलं. ते अलगद काढून स्टिकरच्या मागे असतो त्या मेणचट कागदावर ठेवलं. घरी तेव्हा स्कॅनर नव्हता, म्हणून स्टेशनजवळच्या एका झेरॉक्स आणि डिजिटल प्रिंटच्या दुकानात नेलं. नाव लिहीत नाही, कृपया मेसेज करूनही विचारू नका. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: फक्त स्कॅन, ६०० डीपीआय, मूळ लेबल जसंच्या तसं परत. (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात ते.) काउंटरवरच्या मुलाला तोंडानेही सांगितलं. संध्याकाळी आणायला गेले तर लेबल लॅमिनेट करून ठेवलेलं.

तेही गरम लॅमिनेशन. त्या मशीनचे रोलर शंभर अंशांच्या वर तापतात. जुना गोंद वितळून कागदातून वर आला आणि तेलकट डाग पडले. खालचा मेणचट कागद सरकला, त्यासोबत लेबलाला मधोमध तिरकी घडी पडली आणि ती तशीच प्लास्टिकमध्ये दाबली गेली. शिक्का नेमका डागात गेला. स्कॅन केलं होतं, पण लॅमिनेशननंतर. म्हणजे घडी, डाग आणि वरून प्लास्टिकची चकाकी, सगळं त्यात आलेलं.

मालकांचं म्हणणं, "मॅडम, फाटकं होतं म्हणून पोराने चांगल्या मनाने केलं. आता पाण्यात टाकलंत तरी काही होणार नाही." मी पाकीट दाखवलं. तर म्हणाले, पाकीट बाहेरच राहतं, आत फक्त काम जातं. लॅमिनेशनचे पैसे देऊ नका म्हणाले, तेवढंच. पुन्हा गेले तेव्हा पावतीवर बोट ठेवलं त्यांनी: त्यावर 'स्कॅन १ नग' एवढंच होतं. एवढ्याशा स्टिकरसाठी किती फेऱ्या मारताय, असंही ऐकवलं. तो शिक्का ज्या दुकानाचा होता ते दुकान आता नाही, ते चालवणारे काकाही नाहीत, आणि दादाने पॉकेटमनी साठवून घेतलेली ती त्याची पहिली कॅसेट होती. हे काउंटरवर कुणाला सांगायचं? मला आजही त्या रस्त्याने जाताना राग येतो.

सगळी दुकानं अशी नसतात हेही लिहायला हवं. पुढे वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणारा एक लहानसा युनिटवाला भेटला. त्याने फाइल उघडायच्या आधी सांगितलं की कॅसेट घेऊन या, लेबलाच्या खाचेत बसवून बघू. पुढे छपाईबद्दल जे लिहितेय त्यातलं बरंचसं त्याने शिकवलं. तर माझा नियम असा: मूळ लेबल घराबाहेर जाणार नाही. अगदीच न्यावं लागलं तर स्कॅन होईपर्यंत मशीनशेजारी उभं राहायचं, आणि 'मूळ लेबल, कोणतीही प्रक्रिया न करता परत' हे पावतीवर लिहून घ्यायचं. पाकिटावर लिहिलेल्याला कुणी विचारत नाही.

आता स्कॅनबद्दल. लेबल कॅसेटवर असतानाच पहिलं स्कॅन करा, सोलताना काय होईल याचा भरवसा नसतो. इथे एक अडचण आहे. घरगुती ऑल-इन-वन प्रिंटरमधले स्कॅनर बहुतेक सीआयएस प्रकारचे असतात, आणि त्यांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. कॅसेटचं लेबल खाचेत एखादा मिलिमीटर आत असतं, तेवढ्यानेही चित्र धूसर येतं. सीसीडी स्कॅनरला खोली जास्त झेपते. जुने, जाडजूड फ्लॅटबेड स्कॅनर असतात ते. ओळखीत कुणाकडे पडून असेल तर मागून आणा. तेही नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून मोबाइलने फोटो काढा. मोबाइल जवळ न नेता थोडा लांबून झूम करून काढा, म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत. स्कॅन किमान ६०० डीपीआयवर, आणि जेपेग न करता टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि बारीक अक्षरं चिकटतात.

सोलायचं असेल तर आतला सर्किट बोर्ड आधी बाहेर काढा. स्क्रू कसे उघडायचे ते तुम्हाला माहीत असेलच. बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक, मात्र योग्य घ्या: निन्टेन्डोच्या बहुतेक कॅसेटींना ३.८ मिमी, सेगा मेगा ड्राइव्हच्या कॅसेटींना ४.५ मिमी, गेम बॉय ॲडव्हान्सला तीन पात्यांचा ट्राय-विंग. फॅमिकॉमच्या कॅसेटींना बऱ्याचदा स्क्रूच नसतो, आत खटके असतात, तिथे जोर लावाल तर खटका तुटेल. गेम सेव्ह होणाऱ्या बऱ्याच कॅसेटींत बोर्डवर बटन सेल असतो. ड्रायरची धग त्याला लागता कामा नये, म्हणूनही बोर्ड आधी बाहेर.

हेअर ड्रायर मध्यम धगीवर, जरा लांबून. कोपरा सुटला की लेबल जवळजवळ आडवं ठेवून हळूहळू मागे ओढा, वर उचलू नका. मागे राहिलेल्या गोंदाला केमिस्टकडचं निलगिरीचं तेल लावून थोडा वेळ ठेवा, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर आणि ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. कॅसेटचं कवच एबीएस प्लास्टिकचं असतं, ते ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि पांढरा चरा कायमचा राहतो. ब्लेडही नको.

(कवच उघडलंच आहे तर सोनेरी पिना त्याच अल्कोहोलने आणि कानातल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. आपण सगळे फुंकर मारून मोठे झालो, पण फुंकरीतल्या ओलाव्याने पिना खराब होतात. खोडरबरही नको, वरचा मुलामा घासला जातो.)

छपाईत सगळ्यात जास्त लेबलं कशाने वाया जातात, तर 'फिट टू पेज'ने, म्हणजे पानात बसावं म्हणून चित्राचं माप आपोआप बदलणाऱ्या पर्यायाने. दुकानातला माणूस सवयीने तेच दाबतो. ६० मिमीचं लेबल ९७ टक्क्यांवर छापलं गेलं तर ५८.२ मिमी येतं, आणि खाचेत भरायला गेल्यावर कडेने प्लास्टिक दिसतं. यावर उपाय म्हणून मी पानाच्या कोपऱ्यात बरोबर ५० मिमीची एक रेघ टाकते. छापून आलं की काउंटरवरच पट्टी लावायची. रेघ ५० भरली नाही तर पान परत. पहिली प्रिंट नेहमी साध्या कागदावर, कापून खाचेत ठेवून बघायची. लेबल खाचेपेक्षा चारही बाजूंनी किंचित लहान असू द्या, अगदी चपखल केलं तर कडा वर चढते आणि तिथूनच उचकटायला लागते.

आता तुमचा पेपर. घरच्या इंकजेटची साधी शाई आपल्याकडच्या घामट हातांनी पसरते, तिच्या वाटेला जाऊ नका. मूळ लेबल कागदी असेल तर क्रोमो (चकचकीत कागदाच्या) स्टिकर शीटवर लेझर प्रिंट आणि वरून पातळ ग्लॉस लॅमिनेशन, थंड पद्धतीचं. कॅसेट खूप हाताळली जाणार असेल तर व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा स्टिकर. व्हिनाइलवर इको-सॉल्व्हंट शाईने छापलं असेल तर लॅमिनेशनआधी पूर्ण एक दिवस सुकू द्या, दुकानदार घाई करतात आणि मग आतून बुडबुडे येतात. लॅमिनेशन आधी, कटिंग नंतर. हाफ कट मागा, म्हणजे वरचं लेबल कापलं जातं आणि खालचा कागद अखंड राहतो, कोपऱ्यांची गोलाईही नीट येते. व्हिनाइल आणि लॅमिनेशन मिळून जाडी वाढते हे लक्षात ठेवा. जिथे कॅसेट मशीनच्या पोटात पूर्ण जाते, जसं अमेरिकन एनईएस, तिथे जाड लेबल मला पसंत नाही. रंगांबद्दल एवढंच की स्क्रीनवरचा भगभगीत निळा आणि केशरी कागदावर मळकट येतात, तेव्हा आधी एक छोटी पट्टी छापून पाहा.

लावायचं काम पावसाळ्यात काढू नका. जुलैत आमच्याकडे भिंती ओल धरतात, तिथे गोंद काय धरणार. दिवाळीनंतर बसा. कवच अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या, मागचा कागद एका कडेने थोडाच काढा, ती कड खाचेला जुळवा आणि मऊ फडक्याने दाबत पुढे जा.

पण मुळात सगळीच लेबलं बदलायची का? माझं मत विचाराल तर नको. फक्त कोपरा उचकटला असेल तर पाण्यात थोडा पातळ केलेला फेव्हिकॉल टूथपिकने आत सारा, वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजन ठेवा. काही जण कणकेची खळ वापरा सांगतात. धरते चांगली, पण आपल्या हवेत तिला कसर आणि झुरळं लागतात. गेम बॉयच्या मूळ लेबलावर तिरक्या उजेडात दाबून उमटवलेला आकडा दिसतो, संग्राहक तो पाहूनच अस्सल-नक्कल ठरवतात. लेबल सोललंत की तो गेला. आणि कुणी लहानपणी पेनने नाव लिहिलं असेल, भाड्याच्या दुकानाचा शिक्का असेल, ते लेबल कितीही फाटकं असो, मी हात लावणार नाही. नवं छापून हवंच असेल तर त्याच कॅसेटला दुसरं कवच घ्या आणि जुनं कवच लेबलासकट ठेवून द्या.

यातलं काही विकायचा विचार असेल तर नवं लेबल लावलंय हे आधीच सांगा, फोटोखाली लिहा. मी वकील नाही, पण चित्रांचे हक्क कंपन्यांचे आहेत. घरच्या फाटक्या कॅसेटसाठी एक छापणं आणि शीटच्या शीट छापून विकणं यात फरक आहे. मी माझ्या प्रत्येक नव्या लेबलाच्या मागच्या बाजूला, चिकटवण्याआधी, परमनंट मार्करने 'पुनर्मुद्रण' आणि वर्ष लिहिते. पुढे कुणी सोललं तर त्याला कळेल.

आज एवढंच करा: दुसऱ्या ढिगातल्या, म्हणजे '... इन १'वाल्या सगळ्या कॅसेटी पुढून-मागून स्कॅन करा, फाटलेल्या आहेत तशाच. सुटी झालेली लेबलं मेणचट कागदावर ठेवून, वर कोरा कागद घालून एखाद्या जाड पुस्तकात ठेवा, आणि कुठलं लेबल कुठल्या कॅसेटचं ते त्या कोऱ्या कागदावर लिहा, कारण हे लेबलांवरून ओळखता येत नाही. खोका पुन्हा पोटमाळ्यावर चढवू नका, उन्हाळ्यात तिथल्या उकाड्याने उरलेला गोंदही जाईल. कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कॅसेटी उभ्या ठेवा.