रक्त न सांडताही सँग्विनरी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अनुवादाचा खर्डा वाचला. भाषा मोकळी आहे, वाक्यं अडखळत नाहीत. पण तिसऱ्या पानावर एक 'आशावादी लढाई' भेटली आणि मी मूळ इंग्रजी काढून बघितलं. तिथे 'सँग्विनरी' होतं, तू 'सँग्विन' वाचलंस. दोघांचा आजा एकच: लॅटिनमधला 'सँग्विस', म्हणजे रक्त. आपल्याकडे वात-पित्त-कफ, तसे जुन्या ग्रीक वैद्यांचे चार द्रव असत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याच्यात रक्ताचा जोर, तो लालबुंद चेहऱ्याचा, उत्साही, सगळं बरंच होईल म्हणणारा. तो 'सँग्विन'. 'सँग्विनरी'च्या वाट्याला मात्र सांडलेलं रक्त आलं.

आता तू शब्दकोश उघडशील, 'रक्तरंजित' सापडेल आणि सगळीकडे तेच चिकटवशील. लढाईला ते चालेल. पण हाच शब्द राजाला लावला असेल तर तो राजा रक्तपिपासू. 'रक्तरंजित राजा' म्हटलंस तर बिचारा स्वतःच जखमी होऊन पडलाय असं वाटेल. आणि खरोखर जखमी माणसासाठी आपल्याकडे 'रक्तबंबाळ' आहे, तिथे सँग्विनरीचं काम नाही.

खरी मजा कायद्यांपाशी आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या फौजदारी कायद्यांना हे विशेषण वारंवार लागलेलं दिसेल. त्या कायद्यांचं पुढे पडलेलं नावही 'ब्लडी कोड'. शतक सरताना फाशीची तरतूद असलेले गुन्हे दोनशेच्या घरात गेले होते. एक शिलिंगाहून जास्त किमतीचा माल कुणाच्या खिशातून नकळत मारला, तरी कायद्याने फाशी. सॅम्युएल रोमिली या खासदाराने 1808 साली खिसेकापूंची तेवढी फाशी रद्द करून घेतली, बाकीच्यांसाठी झगडत राहिला. आता बघ, फाशीत रक्ताचा थेंब सांडत नाही, तरी कायदे सँग्विनरी! माणसाचा जीव स्वस्त करणारी कुठलीही व्यवस्था या शब्दाच्या तावडीत येते. तिथे मी 'उठसूट फाशी देणारे कायदे' लिहीन. शब्द वाढतात, वाढू देत.

'ब्लडी' हा याचा गावठी भाऊ. तो नावात शिरला की जास्त जपायचं. 'ब्लडी संडे' एक नाही. 1905 च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गला झारकडे अर्ज घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला तो एक. 21 नोव्हेंबर 1920 चा डब्लिनमधला दुसरा. 30 जानेवारी 1972 ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, तेरा माणसं त्याच दिवशी गेली, तो तिसरा. तू नुसतं 'रक्तरंजित रविवार' लिहून पुढे गेलीस, तर वाचकाने कुठला समजायचा? गाव आणि साल घाल. आणि गोळ्या कुणी झाडल्या हेही लिही, कारण 'रक्तरंजित' हा शब्द आला की कर्ता हळूच वाक्याबाहेर सटकतो. 'रविवार रक्तरंजित ठरला' म्हणे! रविवाराने काय केलं होतं? वर्तमानपत्रांतली ही सवय मला अजिबात आवडत नाही.

शिवीतला 'ब्लडी' वेगळाच. तिथे रक्त शोधू नकोस. 1914 मध्ये लंडनला बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलवालीने रंगमंचावर तो उच्चारला आणि गहजब झाला. हीच फुलवाली पुढे पुलंच्या 'ती फुलराणी'तून मराठीत आली, हे तुला ठाऊकच आहे. सभ्य इंग्रज हा शब्द टाळायला गमतीने 'सँग्विनरी' म्हणत. म्हणून जुन्या विनोदी लेखनात कुणी 'सँग्विनरी छत्री' हरवल्याची तक्रार करत असेल, तर छत्रीला रक्त लागलेलं नाही, माणूस वैतागलाय. तिथे 'मेली छत्री' पुरे.

इंग्रजीतल्या 'गोरी'बद्दलही (gory) विचारलं होतंस. मुळात 'गोर' म्हणजे घाण, शेण. पुढे साकळलेलं रक्त. हा शब्द डोळ्यांसमोर चिखल उभा करतो, इतिहासकार सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, सिनेमावाले मात्र भरपूर वापरतात. फक्त कृपा करून तो देवनागरीत तसाच ठेवू नकोस. 'चित्रपटात अनेक गोरी दृश्ये आहेत' हे वाक्य तुझ्या खर्ड्यात पान सातवर आहे, आणि वाचक भलत्याच अपेक्षेने तिकीट काढेल.

पान तीन आणि सात दुरुस्त करून सोमवारपर्यंत पाठव. कायद्यांचा परिच्छेद मूळ इंग्रजीसकट पाठव, तो मला एकदा शेजारी ठेवून वाचायचा आहे.

तुझा,
सर