घरची प्रार्थना, दारचा प्रसाद आणि रविवारची ट्यूशन

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती आईवडिलांनी मुलांच्या धर्मशिक्षणाविषयी विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रं कॅथलिक, मेथडिस्ट आणि सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) अशा वेगवेगळ्या घरांतली आहेत. जिथे मंडळीनुसार, म्हणजे चर्चनुसार, नियम बदलतो तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : घरी आम्ही मराठी बोलतो. मुलगी सात वर्षांची, कन्नड माध्यमात दुसरीत आहे. आमच्या चर्चमध्ये उपासना कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. प्रभूची प्रार्थना तिला अर्धी या भाषेत, अर्धी त्या भाषेत येते. मराठी बायबल तिला वाचता येत नाही. शिकवायचं कुठल्या भाषेत? (एक आई, खानापूर तालुका)

घरच्या भाषेत. पडल्यावर ती 'आई गं' म्हणून ज्या भाषेत रडते, तीच तिच्या प्रार्थनेची पहिली भाषा. कन्नड प्रार्थना ती चर्चमध्ये ऐकून उचलेलच. मराठी प्रार्थना घराने दिली नाही तर दुसरीकडून मिळेल याची खात्री नाही. बेळगावात लंडन मिशन या मिशनरी संस्थेचं काम 1820 मध्ये सुरू झालं. इथल्या मंडळ्यांना दोन-दोन भाषा काही नव्या नाहीत. घोटाळा होतो तो एकाच बैठकीत दोन्ही कालवल्यामुळे.

शब्द कुठे अडतात ते बघा. कन्नड प्रार्थना 'परलोकदल्लिरुव नम्म तंदेये' अशी सुरू होते. मराठी घरात 'परलोकवासी' म्हणजे वारलेला माणूस. मग देव मेलेल्या माणसांजवळ राहतो असं मुलाला वाटून बसतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. 'कर्तनु' म्हणजे प्रभू, 'सभे' म्हणजे आपली मंडळी, 'दीक्षास्नान' म्हणजे बाप्तिस्मा आणि 'सत्यवेद' म्हणजे पवित्र शास्त्र. हे चार आणि 'परलोक' म्हणजे स्वर्ग, असे पाच शब्द वहीच्या एका पानावर समोरासमोर लिहा आणि ते पान बायबलमध्ये ठेवून द्या.

आता प्रार्थना. मत्तय 6:9-13 एकदम पाठ करून घेऊ नका. आठवड्याला एक ओळ घ्या आणि सुरुवात मधून करा : 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' तव्यावरून फुगलेली भाकरी ताटात पडली की पहिला तुकडा मोडायच्या आधी ही ओळ म्हणायची, आठवडाभर, बाकी काही नाही. पुढच्या आठवड्यात ऋण सोडण्याची ओळ. 'ऋण' हा शब्द तिला कळणार नाही, पण किराणा दुकानातली उधारीची वही तिने पाहिली असेल. एका कागदावर 'उधारी' लिहा आणि तिच्याच हाताने त्यावर काट मारायला लावा. 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' या ओळीला मात्र थांबा. शाळेतली मुलं इथे हमखास चाचणी परीक्षाच समजतात आणि पेपराच्या आदल्या रात्री ही ओळ जोरात म्हणतात. इथली परीक्षा म्हणजे मोहाची कसोटी : डब्यातला लाडू न विचारता घ्यावासा वाटतो तो क्षण. नऊ-दहा आठवड्यांत अख्खी प्रार्थना अर्थासकट बसते. मराठीत पक्की झाल्यावर कन्नड प्रार्थना वेगळ्या दिवशी, वेगळी म्हणून शिकवा.

लिपीचं म्हणाल तर वर्षभर तरी तिच्यासाठी मराठी वचनं कन्नड अक्षरांत लिहून द्या. त्यात दोन चुका होतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए', 'ओ' वेगवेगळे लिहितात. 'देव', 'प्रेम', 'लोक' हे शब्द दीर्घच लिहा, नाहीतर ती तुटक वाचेल. दुसरी चूक 'च', 'ज', 'झ' यांची. मराठीत यांचे दोन-दोन उच्चार आहेत, कन्नडमध्ये अक्षर एकच. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' यातला 'माझा' ती 'माझ्या'सारखा वाचते. अशा अक्षराखाली लाल टिंब द्या आणि सांगा, टिंब दिसलं की घरच्यासारखं म्हणायचं. स्तोत्र 23 मध्ये सहाच वचनं आहेत; आठवड्याला एक धरलं तर दीड महिना. देवनागरी शिकवायची ती दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि पहिलं वाचन याच स्तोत्राचं. पाठ असलेलं वाचताना अक्षरं भराभर ओळखीची होतात.

प्रश्न : रोजची कुटुंबप्रार्थना आठ-दहा दिवस चालते आणि बंद पडते. नवऱ्याची उद्यमबागेत शिफ्ट ड्यूटी. मुलं पाच आणि नऊ वर्षांची. संडे स्कूल पुरेसं नाही का? (एक वाचक, बेळगाव)

हिशोब करून बघा. संडे स्कूल 45 मिनिटांचं आणि वर्षाचे 50 रविवार धरले तर साडेसदतीस तास होतात. घरची रोजची दहा मिनिटं वर्षाला साठ तासांवर जातात. संडे स्कूलचे शिक्षक मनापासून शिकवतात, पण बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (6:7) ही वचनं 'घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना' मुलांशी बोलावीत असं सांगितलं आहे, आणि ते आईवडिलांना सांगितलं आहे.

बंद पडण्याचं पहिलं कारण घड्याळ. 'साडेआठला प्रार्थना' हे शिफ्टच्या घरात टिकत नाही. वेळेऐवजी कामाला बांधा : ताटं उचलून झाली, अंथरूण अजून घातलेलं नाही, ती मधली जागा. नवऱ्याची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात आईने घ्यावी आणि वडिलांनी सकाळी शाळेला निघताना मुलांच्या डोक्यावर हात ठेवून एका वाक्यात आशीर्वाद द्यावा. तेवढं पुरतं.

दुसरं कारण लांबण. एक गीत दोन मिनिटं, वाचन चार मिनिटं, प्रार्थना तीन मिनिटं, एक मिनिट गप्प बसणं. गप्प बसण्याचं मिनिट गाळू नका, पाच वर्षांच्या मुलाला ते सगळ्यात जास्त लागतं. गीतासाठी नारायण वामन टिळकांची भजनं घ्या. अभंग-ओवीची चाल गल्लीतल्या भजनी मंडळामुळे इथल्या मुलांच्या कानात आधीपासून असते, म्हणून पेटीशिवायही ती उचलतात.

वाचनाला मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आणि घटना भराभर घडतात. राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार धरून 46 दिवस होतात. रोज सुमारे 15 वचनं घेतली तर तेवढ्यात मार्क पूर्ण होतो. डिसेंबरात 'लूकचे 24 अध्याय, नाताळपर्यंत रोज एक' हा बेत बरीच घरं करतात आणि पहिल्याच रात्री आपटतात, कारण लूकच्या पहिल्या अध्यायात 80 वचनं आहेत. लहान मुलांसाठी तो अध्यायच चार-पाच रात्रींत वाटून घ्या.

आठवड्यातून एकदा वाचनाऐवजी करून दाखवा. लूक 15:8-10, हरवलेलं नाणं. एक-एक रुपयाची दहा नाणी मुलांकडून मोजून घ्या. ती डोळे मिटून असताना एक नाणं चटईच्या कडेखाली सरकवा, अर्धं दिसेल असं. फार लपवलं तर पाच वर्षांचं मूल रडकुंडीला येतं आणि गोष्ट राहून जाते. दिवा मालवा, टॉर्च द्या, हातात केरसुणी द्या. नाणं सापडलं की विचारा, 'आपण हरवलोय हे नाण्याला ठाऊक होतं का?' उत्तराची घाई करू नका. त्या बाईने शेजारणींना बोलावलं होतं, म्हणून एक वाटी कुंदा शेजारी पाठवा.

तिसरं कारण सांगायला कठीण, पण ते खरं आहे. प्रार्थनेतून मुलाला बोलणी बसतात : 'प्रभू, ह्याला अक्कल दे, हा उलट उत्तरं देतो.' मूल डोळे मिटून ऐकत असतं आणि त्याला वाटतं, आई देवाकडे चहाडी करते आहे. 'मुलांना चिरडीस आणू नका' असं इफिसकरांस 6:4 मध्ये बापांना बजावलं आहे. रागवायचं ते प्रार्थनेच्या आधी किंवा नंतर, आणि त्याच्या तोंडावर. प्रार्थनेत त्याच्यासाठी फक्त आभार आणि मागणं असू द्या.

मोबाइलवरचं बायबल प्रवासात चालेल. घरी छापील ठेवा. वाचता वाचता मेसेज वाजला की पाचव्या वर्षीच्या मुलाची नजर परत येत नाही.

प्रश्न : गणपतीत शेजारून प्रसाद येतो. मुलगा विचारतो, आपल्या घरी गणपती का नाही? शाळेतही पूजा असते. त्याला काय सांगावं? (एक वडील, निपाणी)

गणपतीविषयी वावगा शब्द नको, मुलाने ऐकला तर तो उद्या वर्गात म्हणेल. इफिस शहरात पौलाच्या सोबत्यांवर दंगल उसळली तेव्हा नगरलेखकानेच लोकांना सांगितलं की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये 19:37). आपल्या मुलाबद्दल शेजाऱ्यांना असंच म्हणता यावं. त्याला एवढं सांगा : 'ते त्यांच्या पद्धतीने भक्ती करतात. आपण येशूच्या मागे चालतो, म्हणून आपली भक्ती वेगळी. मैत्री तीच राहते.'

प्रसादाबाबत मंडळ्यांची शिकवण सारखी नाही. आपल्या फादरना किंवा पाळकांना विचारून घ्या. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय 8 आणि 10) दोन्ही बाजू धरल्या आहेत. अन्नाने आपण देवाच्या जवळ किंवा दूर जात नाही. पण 'हे नैवेद्याचं आहे' असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये. जे ठरवाल ते आईवडील दोघांचं एकच असू द्या. आईने घ्यायचा आणि वडिलांनी ओरडायचं, यात मूल चोरून खायला शिकतं.

घ्यायचा नाही असं ठरलं तर नकार मुलाच्या तोंडी टाकू नका. चतुर्थीच्या आधीच तुम्ही दोघं शेजारी जा आणि सांगा : 'वहिनी, नैवेद्याचं आम्ही घेत नाही, पण तुमच्या हातच्या करंज्या वेगळ्या काढून ठेवा, पोरं वाट बघतात.' नैवेद्य आणि फराळ यांतला फरक त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो, कुणी वाईट वाटून घेत नाही. नाताळात तुमच्या फराळाचं पहिलं ताट त्यांच्याकडे मुलाच्या हातून जाऊ द्या.

शाळेत हजर राहायला हरकत नाही. पण पूजेत भाग घेण्याची सक्ती होत असेल तर संविधानाचं कलम 28(3) लक्षात ठेवा. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासना बंधनकारक करता येत नाही. आधी वर्गशिक्षकांशी शांतपणे बोला. वर्गासमोर मात्र बोलू नका.

प्रश्न : मी मेथडिस्ट, नवरा कॅथलिक. बाळाचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये ठरला आहे. माझा भाऊ धर्मपिता (गॉडफादर) होऊ शकतो का? (बेळगाव कॅम्प)

धर्मपिता म्हणून नाही, साक्षीदार म्हणून होय. कॅथलिक नियमाप्रमाणे (कलम 874) धर्मपिता किंवा धर्ममाता सर्वसाधारणपणे 16 वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेली कॅथलिक व्यक्ती असावी. बाळाचे स्वतःचे आईवडील चालत नाहीत. असा एक जण असेल तर त्याच्या जोडीला बाप्तिस्मा झालेला मेथडिस्ट भाऊ साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. तेव्हा आधी नवऱ्याकडचा एक जण नक्की करा. बाळाचा जन्मदाखला, तुमच्या लग्नाचा दाखला आणि धर्मपित्याचा दृढीकरणाचा दाखला जवळ ठेवा. एक महिना आधी फादरना भेटा. धर्मपिता पणजी किंवा पुण्याच्या पॅरिशचा असेल तर दाखला मागवण्यातच दिवस जातात, आणि ऐन वेळी इथेच अडतं. तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची शंका मनात आणू नका. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या नावाने झालेला मेथडिस्ट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं.

प्रश्न : मुलगा एसएसएलसीला (दहावीला) आहे. रविवारी सकाळी ट्यूशन, म्हणून चर्च बंद. आता तर म्हणतो, माझा विश्वासच नाही. ओढून न्यावं का? (एक आई, बेळगाव)

आधी या दोन गोष्टी सुट्या करा. ट्यूशनचा प्रश्न वेळेचा आहे. कॅथलिक असाल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. इतर मंडळ्यांत संध्याकाळची उपासना असेल तर ती धरा, नसेल तर मार्चपर्यंत महिन्यातले दोन रविवार ट्यूशनवाल्या सरांकडून मागून घ्या. मागायला तुम्ही जा, त्याला पाठवू नका.

'विश्वास नाही' यामागे बहुधा तीनपैकी एक असतं : तो नुसता थकला आहे, कुणीतरी त्याची टिंगल केली आहे, किंवा त्याला खरा प्रश्न पडला आहे. जेवताना सगळ्यांसमोर विचारू नका. गाडीवर मागे बसवून कुठेतरी जा. तोंडाकडे बघावं लागत नाही तेव्हा या वयाची मुलं बोलतात. प्रश्न खरा असेल तर तो वहीत लिहायला सांगा आणि पाळकांशी एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. 'देव नापास करेल' ही धमकी कधीही नको. पास झाल्यावर ती खोटी ठरते आणि तिच्याबरोबर बाकीचंही खोटं वाटू लागतं.

ओढून नेऊ नका, पण त्याची जागाही काढून घेऊ नका. साउंडचा मिक्सर, तबला, पडद्यावर गीतांचे शब्द लावणं, यातलं एखादं काम त्याच्याकडे राहू द्या. विश्वासाची तपासणी न करता. घरच्या प्रार्थनेत त्याने नुसतं बसावं, तोंड उघडलं नाही तरी चालेल. योहान 20 मध्ये थोमाने 'मी विश्वास धरणारच नाही' असं साफ सांगितलं होतं, आणि आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले तेव्हा तो त्यांच्यातच होता. त्या आठ दिवसांत कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं.