क्रीमशिवाय पांढरा सॉस: दही फुटू नये म्हणून

तुमची अडचण कळली. सासऱ्यांना डॉक्टरांनी क्रीम-बटर बंद केलंय, त्यांना भाजलेल्या चिकनवर हॉटेलसारखा पांढरा सॉस हवाय, आणि क्रीमऐवजी दही घातलं की ते फुटतं.

आधी एक सांगते, काजूच्या पेस्टच्या वाटेला जाऊ नका. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं, काजूत ४० टक्क्यांच्या वर. ते चांगल्या प्रकारचं असेलही, पण तुम्हाला हवंय कमी.

क्रीमऐवजी चक्का वापरा, आणि तो घरीच करा. डेअरीतला चक्का श्रीखंडासाठी केलेला, मलईदार असतो. डबल टोन्ड दुधाला (१.५ टक्के फॅट) विरजण लावा आणि दही फडक्यात बांधून चार-पाच तास टांगा. नाशकातल्या जानेवारीत दही लागता लागत नाही, तेव्हा भांडं शालीत गुंडाळून ठेवा. एप्रिल-मे मध्ये उलट: बाहेर टांगलं तर आंबट ढाण होतं, म्हणून पुरचुंडी चाळणीत घालून फ्रीजमध्येच निथळू द्या.

आता फुटण्याचं. आंबटपणा आणि आच एकत्र आली की दह्यातलं प्रथिन आकसतं, गुठळ्या होतात, पाणी सुटतं. कमी फॅटचं दही तर लवकरच फुटतं. कढीला आपण बेसन लावतो ते याचसाठी. इथे बेसनाची चव नको म्हणून कॉर्नफ्लोअर. वाटीभर चक्क्याला एक छोटा चमचा, थंड असतानाच, गुठळी न ठेवता फेटून घ्या.

खरी चव मात्र पॅनच्या तळाशी असते. कातडी काढलेलं चिकन चमचाभर तेलात भाजून बाजूला काढलं की तळाला तपकिरी खरपूस थर राहतो. पॅन घासायला टाकू नका! त्यातच ठेचलेला लसूण परता, पाऊण वाटी चिकनचं पाणी (चिकन उकळून गाळलेलं, म्हणजे स्टॉक) घाला आणि लाकडी उलथन्याने तो थर खरवडून पाण्यात उतरवा. पाणी निम्मं आटलं की आच अगदी मंद करा. यातलं दोन चमचे गरम पाणी आधी चक्क्यात मिसळा, मग तो चक्का पॅनमध्ये ओता. हलवत राहा. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले, उलथन्यावर सॉसचा थर धरू लागला, की मिनिटभराने गॅस बंद. खळखळून उकळी नको. काळी मिरी भरडून घाला, हवी तर चिमूटभर मोहरीपूड. मीठ शेवटी, चाखून, कारण आटलेलं पाणी मुळातच खारट असू शकतं.

द्राक्षांचा हंगाम असेल तर मूठभर हिरवी द्राक्षं अर्धी चिरून गॅस बंद केल्यावर टाका. चिकनबरोबर फार छान लागतात. मटणावर मी हा सॉस घालणार नाही; आपल्या काळ्या मसाल्याच्या मटणाला तर मुळीच नको.

उरलेला सॉस दुसऱ्या दिवशी घट्ट होतो. दोन चमचे दूध घालून गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करा, थेट गॅसवर ठेवू नका.