सायकियाट्रिक जेनेटिक्समध्ये पीएचडी करायची आहे पण फील्डवर्क नको, फक्त डेटावर काम होईल का?

प्रश्न डिटेल्ससकट वाचला. एमएस्सी जेनेटिक्स झालंय, पायथॉन आणि आर येतं, घर बेळगावात, नेट परीक्षेची तयारी चालू आहे, पेशंटच्या घरी जाणं वगैरे "सोशल वर्कवाल्यांचं काम" असल्यामुळे ते नको, आणि सगळ्यात खाली एक ओळ की सख्ख्या चुलत्यांना स्किझोफ्रेनिया आहे तर मला किती धोका. ते सोशल वर्कवाल्यांचं काम वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर उत्तरं लिहायचं मी कधीच सोडलंय.

आधी तुमचं उत्तर. होतं. पीजीसीच्या (सायकियाट्रिक जीनोमिक्स कन्सोर्टियम, जगभरच्या लॅबचा गट) मोठ्या स्टडीजची समरी स्टॅटिस्टिक्स, म्हणजे एकत्रित निकाल, वेबसाइटवर पडलेली असतात, उतरवून घ्या, पॉलिजेनिक स्कोअर (अनेक जीन्समधले छोटे छोटे धोके मिळवून आलेला एक आकडा) काढा, कशाचा तरी कशाशी संबंध लावा, थिसिस होतो. पेशंटचं तोंड न बघता या विषयात डॉक्टरेट मिळवलेले लोक मला माहीत आहेत आणि त्यातले दोघेतिघे चांगल्या पोस्टवर आहेत.

आता माझं ऐका. मी वडगावची, बरीच वर्षं एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये याच विषयात आहे. आमचा प्रोजेक्ट मल्टिप्लेक्स फॅमिलींवर होता, म्हणजे एकाच घरात दोन किंवा जास्त जणांना आजार. खानापूर तालुक्यातली एक फॅमिली होती, लोंढ्याच्या बाजूची (गावाचं नाव सांगणार नाही, बाकी तपशीलही थोडे फिरवलेत). चोविशीतला पोरगा, स्किझोफ्रेनिया, ओपीडीत वडिलांबरोबर आलेला. प्रोजेक्टच्या माणसाने फॉर्म भरला, कन्नडमध्ये. वडिलांना बाजारापुरतं कन्नड येतं, ते प्रत्येक प्रश्नाला मान हलवत राहिले. घरात आणखी कुणाला? कुणाला नाही. झालं, आमच्या सीनियरने फाइल "स्पोरॅडिक"च्या, म्हणजे घरात एकट्यालाच असलेल्यांच्या, गठ्ठ्यात टाकली.

मी गेले ते वेगळ्याच कारणाने. पहिल्या सॅम्पलमधून डीएनए पुरेसा निघाला नाही, परत रक्त पाहिजे होतं. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबा, आइस बॉक्स आणि खानापूरचा पाऊस, छत्री असून नसल्यासारखी. बाप्ये सोप्यात बसलेले, पोरगा झोपलेला, मी आत चुलीपाशी गेले, तिथे आजी सुपात तांदूळ पाखडत बसलेली. मी वहीतला कागद काढला आणि तिच्यासमोरच वंशावळ काढायला घेतली. चौकोन पुरुष, गोल बाई, आजारी असेल तर आतून काळा, ज्याच्यामुळे आपण घरात आलो त्याला बाण, नवरा-बायकोमध्ये रेघ, नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ. हे तुम्ही एमएस्सीला शिकलाच असाल.

जे शिकवत नाहीत ते असं, की "घरात कुणाला मानसिक आजार आहे का" हा प्रश्नच विचारायचा नसतो. त्याला उत्तर एकच, नाही. विचारायचं, शाळा मध्येच कुणी सोडली? लग्न कुणाचं राहिलं? माहेरी कोण परत आलं? बाहेरचं झालं म्हणून गाणगापूरला कुणाला नेलं? घर सोडून कोण गेलं? विहिरीत कोण गेलं? आणि मग गप्प बसायचं. बसता आलं पाहिजे, हातातला मोबाइल खाली ठेवून.

आजी बराच वेळ तांदळातच बघत होती. मग म्हणाली, "धाकटा गेला की माझा पंढरीला. दिंडीसंगं. आला न्हाई परत."

"जायच्या आधी कसा होता आजी?"

"रातभर बोलत बसायचा की. भिताडासंगं. जेवणात इख घातलंय म्हणायचा. माझ्या हातचं तेवढं खायचा, दुसऱ्या कुणाच्या ताटाला शिवायचा न्हाई. तुला सांगतो बघ बाय, लई हुशार पोरगं हुतं."

मग पोराच्या आत्याचं निघालं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत नवऱ्याकडच्यांनी आणून सोडली होती, धारवाडला दाखवलेलं. पत्र्याच्या ट्रंकेतून आजीने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढून दिले, पिवळे पडलेले, पण डायग्नोसिस आणि औषधांची नावं स्वच्छ वाचता येत होती. आणि आजीचं स्वतःचं लग्न मामाच्या मुलाशी, तिच्या मोठ्या सुनेचंही तसंच. दुहेरी रेघा काढता काढता माझा कागद कोळ्याचं जाळं झाला. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही, कर्नाटकात आजही साधारण चारातलं एक लग्न नात्यात होतं, पण जेनेटिक्समध्ये अशा घराचं गणितच वेगळं, दोन्ही बाजूंनी एकच तुकडा मुलात येऊ शकतो, आणि युरोपच्या डेटावर शिकलेल्या मॉडेलला हे घर कळत नाही.

एवढ्यात वडील आत आले. कागद बघितला. "मॅडम, हे लिहू नका. पोरीचं बघालोय आम्ही." म्हणजे ओपीडीतलं "कुणाला नाही" हे अज्ञान नव्हतं, पोरीचं स्थळ होतं.

त्या दिवशी रक्त घेतलं नाही. कन्सेंट फॉर्म इंग्लिश आणि कन्नडमध्येच होते, आणि ज्या माणसाला काय सही करतोय ते नीट वाचता येत नाही त्याची सही घेऊन काय करायचंय? समजेल त्या भाषेत कन्सेंट, हे आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था) गाइडलाइन्समध्येच आहे, मी काही नवीन मागत नव्हते. तरी सीनियरचं म्हणणं, एका तालुक्यासाठी मराठी फॉर्म कशाला, परत एथिक्स कमिटी, परत दोन महिने. केलं मी. (सीमाप्रश्न कमेंटमध्ये काढू नका, १९५६ पासून जे सुटलं नाही ते माझ्या उत्तराखाली सुटणार नाही.) मराठी फॉर्म घेऊन गेले, वडिलांना ओळ न् ओळ वाचून दाखवली, लॅबमध्ये नाव जात नाही, कोड जातो, हे दाखवलं, तेव्हा त्यांनी, आजीने आणि आत्याने, तिघांनी दिलं.

लॅब मीटिंगमध्ये खरं भांडण झालं. सीनियरला आधी हे सगळं "ऐकीव गप्पा" वाटलं. मग लक्षात आलं की मल्टिप्लेक्स फॅमिली कमी पडतायत, तेव्हा म्हणतात पंढरीला गेलेल्या काकालाही काळा करून टाक, तीन अफेक्टेड झाले की सिक्वेन्सिंगला पहिला नंबर. मी म्हटलं आत्या काळी, तिचे कागद आहेत. काकाला कुणी डॉक्टरने बघितलेलं नाही, तो चौकोन रिकामा, त्यात प्रश्नचिन्ह. आजीचं वर्णन ऐकून मलाही वाटतं काय झालं असेल ते, पण मला वाटणं म्हणजे डायग्नोसिस नव्हे. दारू असेल, फिट्स असतील, मेंदूत काही असेल, कुणास ठाऊक.

मग त्यांचं ठेवणीतलं वाक्य आलं. तू एका घरात बसतेस तेवढ्यात लोक हजार सॅम्पल गोळा करतात. आणि उदाहरण दिलं ब्रिटनचं. क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियाचं औषध घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी बघायला सारखं रक्त काढावं लागतं, त्या उरलेल्या रक्तातून तिथे हजारो केसेस उभ्या केल्या, एकाचाही इंटरव्ह्यू नाही, आणि त्या केसेस नेचर जर्नलच्या २०१४ च्या स्किझोफ्रेनियाच्या पेपरमध्ये गेल्या. ३६,९८९ केसेस, जीनोमवर आजाराशी संबंध दिसलेल्या १०८ जागा. २०२२ ला २८७ झाल्या. "इथे आकडा बोलतो, आजी नाही."

याला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, आता देते. क्लोझापीन गंमत म्हणून कुणी देत नाही, बाकीच्या गोळ्या चालल्या नाहीत की मगच सुरू होतं, म्हणजे त्या नळीमागे आधी कुणीतरी सायकियाट्रिस्टने वर्षानुवर्षं त्या माणसाला बघितलेलं असतं. बसायचं काम झालेलंच असतं, तुमच्याऐवजी दुसऱ्याने केलेलं असतं. जिथे ते झालेलं नसतं तिथे काय होतं ते डिप्रेशनमध्ये बघा. २०२० ला नेचर जेनेटिक्समध्ये यूके बायोबँकच्या (ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या आरोग्याचा आणि डीएनएचा साठा) डेटावर पेपर आला, एक-दोन प्रश्न विचारून ठरवलेलं डिप्रेशन आणि नीट निकष लावून ठरवलेलं डिप्रेशन यांचं जेनेटिक्स सारखं निघत नाही, ढोबळ व्याख्येतून जे सापडतं ते डिप्रेशनचं खास असं नसतंच. म्हणजे आकडा बोलतो खरा, पण कशाबद्दल बोलतो ते बघायला नको?

आणि आकड्यात आपण आहोत कुठे? जीवॅसमधले, म्हणजे हजारो लोकांचा अख्खा जीनोम चाळणाऱ्या स्टडीजमधले, साधारण ७९ टक्के लोक युरोपियन वंशाचे, हा २०१९ चा हिशोब. स्किझोफ्रेनियाचा पॉलिजेनिक स्कोअर त्यांच्यातच कुणाला आजार होतो आणि कुणाला नाही यातला जेमतेम सात टक्के फरक समजावतो, आपल्यात त्याहून कमी. तुम्ही बेळगावात बसून तोच डेटा परत दळणार असाल तर खुशाल दळा, पण तो दळायला बोस्टनमध्ये तुमच्यापेक्षा मोठी मशिनं आहेत. त्यांच्याकडे जे नाही ते खानापूर, चंदगड, निपाणीत आहे, आणि तुम्हाला ते "सोशल वर्क" वाटतं.

त्या फॅमिलीचं पुढे काय, असं कुणीतरी विचारणारच. सिक्वेन्सिंग झालं. निघाला तो व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स, म्हणजे काही सांगता येत नाही. वडील भेटले की विचारतात रिपोर्ट कधी येणार, मी सांगते हे रिसर्च आहे, रिपोर्ट नसतो, ते होय म्हणतात आणि पुढच्या वेळी परत विचारतात. यात सीनियरचंही काही बरोबर निघालं नाही आणि माझंही काही सिद्ध झालं नाही. पण माझा चौकोन अजून रिकामा आहे, प्रश्नचिन्हासकट, आणि तो तसाच डेटाबेसमध्ये आहे.

वडिलांची भीतीही फालतू नव्हे. "अमक्याच्या पुतण्याला किती टक्के" हे काढायची पद्धत ज्याने बसवली त्या म्युनिकच्या एर्न्स्ट र्‍युडिनचा १९१६ चा अभ्यास अजून आमच्याकडे शिकवला जातो, आणि १९३३ च्या जर्मनीतल्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याच्या अधिकृत भाष्यावर त्याचंच नाव आहे. लोकांच्या घरातले चौकोन-गोल काळे करताना हे माहीत असलेलं बरं.

आता तुमची ती खालची ओळ. सर्वसाधारण धोका एक टक्क्याच्या आसपास. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर दहाच्या आसपास. चुलता असेल तर जुन्या युरोपियन फॅमिली स्टडीजमध्ये तीन-चार टक्के, म्हणजे शंभरातले शहाण्णव पुतणे धडधाकट. अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला असेल तरी दुसऱ्याला साधारण निम्म्या वेळाच होतो. हे सरासरीचे आकडे आहेत, तुमचे नाहीत. ऑनलाइन थुंकी पाठवून "मेंटल हेल्थ रिस्क" सांगणारी किट विकतात त्यांच्यावर एक रुपया घालवू नका. याला एक अपवाद, घरात जन्मजात हृदयदोष, टाळूचा दोष, शिकायला अडचण आणि सायकोसिस असं एकत्र असेल तर २२क्यू११ डिलिशनबद्दल (बाविसाव्या क्रोमोसोमचा एक तुकडा गळालेला असतो) जेनेटिसिस्टला जरूर विचारा, ती खरी टेस्ट आहे आणि तिचा उपयोग आहे. मी क्लिनिशियन नाही, झोप उडाली, कानात आवाज आले, असलं काही असेल तर इथे न विचारता डॉक्टरकडे जा.

पैशाचं विचारलं नाहीत पण सांगते. जेआरएफ, म्हणजे पीएचडीची सुरुवातीची फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,०००, एसआरएफ, म्हणजे नंतरच्या वर्षांची, ४२,०००, घरभाडं वेगळं. हे नेट काढलं असेल तर, प्रोजेक्टवर असाल तर दर वर्षी रिन्यूअलची वाट बघायची आणि मध्ये दोन-तीन महिने घरून पैसे मागायचे. जागा म्हणाल तर बेंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) आणि एनसीबीएस (जीवशास्त्राचं संशोधन केंद्र), चेन्नईचं स्कार्फ (स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था), या लोकांनी फॅमिलींबरोबर खरोखर काम केलंय. गाइड ठरवताना त्याचे पेपर मोजू नका, शेवटचा डायग्नोस्टिक इंटरव्ह्यू स्वतः कधी घेतला ते विचारा. आमच्या सीनियरना हे कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि हे पण लिहून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी डिस्क-वन हा स्किझोफ्रेनियाचा म्हणून गाजलेला जीन काढणारच. हो, एकाच मोठ्या स्कॉटिश फॅमिलीवरून तो जीन वर आला, वर्षानुवर्षं त्यावर ग्रँटा निघाल्या, आणि मोठ्या स्टडीजमध्ये सर्वसाधारण पेशंटांत त्याचं फारसं काही दिसलं नाही. एका घरावर सगळं उभं करू नये हे मला मान्य आहे. डिप्रेशनच्या १८ गाजलेल्या कँडिडेट जीन्सचंही (आधीच संशयित म्हणून निवडलेले जीन्स) २०१९ ला तेच झालं, आणि ते मोठ्या सॅम्पलमुळेच कळलं. कोडिंग येतं हे चांगलंच आहे, मला ते उशिरा शिकावं लागलं. दोन्ही करा, डेटाही आणि घरंही. फक्त दुसऱ्याने घरात बसून केलेल्या कामाला हलकं म्हणत डेटावर काम करू नका.

बाकी चुलत्यांबद्दल तुम्ही टक्के विचारलेत. त्यांचं वय काय, कधी सुरू झालं, गोळ्या कोण देतं, सध्या घेतायत की बंद केल्या, यातलं एकही लिहिलेलं नाही. ते आधी घरात विचारा.