‘सॅड’ म्हणजे नेमकं काय वाटतंय?

प्रश्न: ताई, मुलगा चौथीत आहे. शाळेत यंदा एसईएल (सोशल-इमोशनल लर्निंग, म्हणजे भावना ओळखायला-सांभाळायला शिकवतात) म्हणून पिरियड सुरू झालाय, भिंतीवरच्या चार्टवर चेहरा दाखवायचा आणि आज कसं वाटतंय ते इंग्लिशमधे सांगायचं. आमचा रोज ‘हॅपी’ म्हणून बसतो, पण घरी डबा तसाच्या तसा परत, विचारलं तर "काही नाही". आधीच गणितात कच्चा, त्यात हे पिरियड. खरंच उपयोग असतो का ह्याचा?
– एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: असतो, आणि गणिताची काळजी तर सोडाच. २०११ मधे अशा २१३ प्रोग्रामांचा एकत्र अभ्यास झाला, केजी ते बारावीची २ लाख ७० हजार मुलं, आणि जिथे शाळेतली प्रगतीही तपासली तिथे ही मुलं इतरांपेक्षा सुमारे ११ पर्सेंटाइलने पुढे होती. पोटात गोळा आलेला असताना भागाकार सुचणार कसा हो?

पण मला वाटतं गाडी भाषेवर अडलीये. घरी मराठी, मैदानावर हिंदी, वर्गात इंग्लिश, आणि चार्टवर हॅपी, सॅड, अँग्री, संपलं. आपल्याकडे बघा, खट्टू, हिरमुसला, रुसला, भेदरला, ओशाळला, कसंनुसं झालं... प्रत्येकाचं कारण वेगळं आणि करायचंही वेगळं, रुसलेल्याची समजूत काढतो, भेदरलेल्याला आधी जवळ घेतो. जे वाटतंय त्याला नाव दिलं की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीची घंटा वाजवणारा भाग, थोडा शांत होतो, हे २००७ मधे स्कॅन करून पाहिलंय. माझ्याकडे एक मुलगा महिनाभर सगळ्याला ‘बोअर’ म्हणायचा, एक दिवस पेन्सिल सोलता सोलता मान खाली घालून म्हणाला, "मला खेळात घेतच नाहीत." बोअर नव्हतंच ते.

म्हणून डबा घासताना "का नाही खाल्लास" नका विचारू. आधी स्वतःचं सांगा, "आज सगळ्यांसमोर चूक निघाली, इतकी ओशाळले मी", आणि गप्प बसा, पाच मिनिटं लागोत की पाच दिवस. तो बोलला की "त्यात काय एवढं" मात्र चुकूनही नको, त्या एका वाक्याने मुलं मिटतात.

आणि मॅडमना भेटाच. चार्टवर मराठी-हिंदी शब्द चालतील का, सगळ्यांसमोर बोलण्याऐवजी चिठ्ठी चालेल का, हे विचारा, पण त्याहीआधी विचारा की मधल्या सुट्टीत तो कुणाजवळ बसतो.