जळगावहून आईला घेऊन एसटीने अजिंठा लेणी एका दिवसात होतील का?

आरामात होतात, फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. जळगाव स्टँडवरून पहूरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी सकाळची एसटी धरा. अंतर साधारण ६० किमी. महिलांना अर्धं तिकीट आहेच. कंडक्टरला नुसतं ‘अजिंठा’ सांगू नका. अजिंठा गाव घाट चढून पुढे आहे. फर्दापूरजवळच्या लेणी फाट्यावर उतरायचं. तिथून लेण्यांपर्यंत ४ किमी महामंडळाचीच दुसरी बस नेते.

पायऱ्या आहेत, आईंना घाई करू नका. आणि दर्शनाच्या ओढीने जात असाल तर पहिल्या-दुसऱ्या लेणीतच दमून परत फिरू नका. २६ क्रमांकाचं चैत्यगृह शेवटच्या टोकाला आहे. आत डाव्या भिंतीत महापरिनिर्वाणातले बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेत, मूर्ती जवळपास सात मीटर लांब. डोक्याखालच्या उशीला पडलेला खळगासुद्धा दगडात कोरलाय! खाली शोक करणारे शिष्य आहेत, तेही एकेक करून बघा. इथे अर्धा तास तरी द्याच.

चपला काढायला सोप्या घाला, पाणी सोबत ठेवा. परतीची एसटी फाट्यावरच मिळते. अंधार पडायच्या आत तिथे पोहोचा.